कथेतल्या वहिनीला राग येत नाही का

लोणखेडा, २० जानेवारी २०२५

चेतना,

फोन लागत नाही, मेसेज पोचत नाही, म्हणून कागद घेतला. तू आम्हा दोघांचे नंबर बंद केलेस. तुझ्या भावाने दिवाळीनंतर फोनवर तुझ्यावर आवाज चढवला हे मला माहीत होतं, पण कशावरून ते त्यांनी सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, आमचं भावाबहिणीचं आहे, तू पडू नको.

परवा सरलाबाईंकडे हळदीकुंकवाला गेले. आपल्या मागच्या दारासमोर राहतात म्हणून मी नेहमी शेवटी जाते. ओसरीत त्यांची सून फोनवरचं काहीतरी मोठ्याने वाचून दाखवत होती. "वहिनीने मायपुढे ताट सरकवलं आणि म्हणाली, जेवून घ्या एकदाचं, मला भांडी घासायची आहेत." बायका चुकचुकत होत्या. मी दारात दिसले आणि ती गप्प झाली. मग सगळ्याच जणी ताटातल्या तिळगुळाकडे बघायला लागल्या. सरलाबाईंनी मला हळदकुंकू लावलं, वाण दिलं आणि हळूच म्हणाल्या, "गोट शे व ती. गोटमा काय बी ऱ्हास." गोष्ट आहे, गोष्टीत काहीही असतं. त्यांना मला बरं वाटावं असं वाटत होतं, पण त्यावरूनच कळलं की गोष्ट कुणाची आहे.

घरी येऊन तुझ्या भावाच्या फोनवर पूर्ण वाचली, तेव्हा त्यांचा आवाज कशावरून चढला होता ते कळलं. 'मागची खोली', खाली तुझं नाव. वडील गेल्यानंतर मुलगी पहिल्या दिवाळीला माहेरी येते. वहिनीने सासूला पुढच्या घरातून उचलून गोठ्याशेजारच्या खोलीत टाकलेलं असतं, एकटीला जेवायला वाढत असते, आणि सासूच्या डोळ्यांतून ताटात टिपं पडत असतात. शेवटी मुलगी निघते तेव्हा माय खिडकीचे गज धरून उभी.

मग खालचे अभिप्राय वाचले. ते कथेपेक्षा लांब होते. कुणी मला कैदाशीण म्हटलंय. कुणी म्हटलंय, हिची सून हिला असंच वाढो. कुणी रडणारी तोंडं लावलीत. कुणी नुसतंच 'पुढचा भाग कधी' असं विचारलंय. या माणसांना मी माहीत नाही, त्यांनी कथेतल्या बाईला शिव्या दिल्यात, हे मला कळतं. तरी त्या संध्याकाळी भाजीत दोनदा मीठ पडलं.

एकाने मात्र वेगळं लिहिलंय. रेवजी वसावे म्हणून कुणी आहेत. त्यांनी एवढंच लिहिलं, "कथा वाचली. आई काय म्हणाली?" त्यावर सगळे त्यांच्यावर तुटून पडले. आजोबा, कथा नीट वाचा, ती बिचारी बोलूच शकत नाही. तू त्यांना उत्तर दिलेलं दिसलं नाही.

कथा काढून टाक असं मी म्हणणार नाही. मी रागावलेली नाही. माय बरी आहे, तुझी आठवण काढते.

तुझी वहिनी,
चारुलता


लोणखेडा, ९ फेब्रुवारी

चेतना,

'मागची खोली' ज्या समूहात टाकलीस, त्या तुमच्या 'कथा-ओसरी'त मीही आले. आत घेताना विचारतात ना, तुम्हाला या समूहात का यायचंय, तिथे मी 'वाचायला' असं लिहिलं. खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.

पहिले काही दिवस नुसती वाचत बसले. दुपारी केळीच्या मजुरांचा चहा झाला की मला तासभर मोकळा मिळतो. एवढी माणसं लिहितात हे मला ठाऊकच नव्हतं. कुणी बँकेत आहे, कुणी नर्स आहे, कुणी पुण्याला, कुणी दुबईला. कुणी काहीही टाकलं तरी खाली पन्नास जण 'अप्रतिम' म्हणतात. आधी वाटलं किती चांगली माणसं आहेत. मग लक्षात आलं की कथा टाकून एक मिनिट झालेलं नसतं आणि 'अप्रतिम' आलेलं असतं.

मग मीही एक लिहिली. तुझ्या नजरेला पडली हे मला कळलं आहे, पण कशी लिहिली ते सांगते. चार दुपारी लागल्या. 'दोन भाकरी' असं नाव दिलं. एक वहिनी असते. पहाटे उठते, सासूचे पाय चेपते, सासऱ्यांच्या आजारपणात त्यांचं सगळं करते, कुणी काही बोललं तरी हसते आणि चुलीपुढे बसून भाकरी थापते. टाकली आणि दर मिनिटाला उघडून बघत होते. वाटलं, आता वाचतील सगळे, आता कळेल त्यांना.

मोजकेच अभिप्राय आले. एक बाई म्हणाल्या, "अशी वहिनी कुठे मिळते, पत्ता द्या." त्यावर बरेच जण हसले. एकाने लिहिलं, "ही कथा नाही, आरती आहे." रेवजींनी विचारलं, "या घराला मुलगी नाही का?" आणि त्याखाली तुझं नाव दिसलं.

फोनवर मला बंद केलंस, पण तिथे केलं नव्हतंस. की तुला मी तिथे असेन असं वाटलंच नव्हतं? तू अगदी परक्यासारखं लिहिलंस. "भाकरी थापण्याचं वर्णन खरं वाटलं. पण तुमच्या कथेतल्या वहिनीला कधीच राग येत नाही का?"

तुमच्या! मला आधी वाईट वाटलं आणि मग हसू आलं. लग्न होऊन आले तेव्हा तू सातवीत होतीस. नणंदेला ताई म्हणायचं असतं, पण तुझ्या वेण्या मी घालायचे, म्हणून तोंडात तूच बसलं. आणि आता तू मला तुम्ही म्हणतेस, तेही चारचौघांत.

 मग लिहिलं, "येतो. लिहायचं राहिलं." तू त्याला पसंतीचा अंगठा दिलास. तीन महिन्यांत आपलं एवढंच बोलणं झालं.

गेल्या पत्रात लिहिलं होतं की मी रागावलेली नाही. ते खोडते. मी फार रागावले होते. 'दोन भाकरी' मी रागातच लिहिली, आणि तोच राग तेवढा कथेत आला नाही.

चारुलता


लोणखेडा, २ मार्च

चेतना,

या पत्रात तुझ्यामाझ्याबद्दल आधी काही नाही. एका मुलाबद्दल आहे.

ओसरीत भाग्येश नावाचा एक जण लिहितो. विसरवाडीचा आहे, हायवेवरच्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसतो. त्याने त्या हॉटेलातल्या आचाऱ्यावर लिहिलं होतं. मालक कसा ओरडतो, ट्रकवाले कसे बोलतात, पगार कसा लांबतो, असं एकामागून एक. मला अभिप्राय द्यायची नवी खुमखुमी होती. सगळे 'अप्रतिम' म्हणतात, आपण खरं बोलायचं, असं मनाशी ठरवलेलं. मला कुणी आरती म्हटलं होतं ते डोक्यात होतंच. मी लिहिलं, "ही कथा नाही, तक्रारअर्ज आहे. आचाऱ्याला दुसरं काही येतं का?" माझ्या त्या वाक्याला भरपूर अंगठे मिळाले. खोटं कशाला बोलू, छान वाटलं.

संध्याकाळी बघते तर कथा गायब. भाग्येशही समूहातून गेलेला.

जेवताना मी भाकरी नुसती कुस्करत बसले. तुझ्या भावाने विचारलं काय झालं. मी सांगितलं तर म्हणाले, एवढंसं ऐकून घेता येत नाही तर लिहायचं कशाला. मग आपणच थांबले. बहुतेक दिवाळीनंतरचा फोन त्यांना आठवला असावा. उठून हात धुवायला गेले.

मी रेवजींना खासगीत लिहिलं. ते आश्रमशाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत, मणिबेलीच्या बाजूचे. त्यांच्याकडे रेंज नसते, बाजाराला धडगावला आले की सगळं वाचतात, म्हणून उत्तर आठवड्याने आलं. त्यांनी मला रागावलं नाही. लिहिलं, "तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, पण तुम्ही ते त्याला नाही, बघणाऱ्यांना सांगितलंत. मी मुलांच्या वह्या तपासताना आधी मला काय दिसलं ते सांगायचो. जे दिसलं नाही ते फक्त विचारायचो."

मग मी भाग्येशला शोधून मेसेज केला. म्हटलं, आचारी तव्यावरच्या तेलात पाण्याचा थेंब टाकून ते तापलंय का बघतो, ते मला डोळ्यांपुढे दिसलं. मालक ओरडतो तेव्हा तो काय करतो, ते मात्र दिसलं नाही. काय करतो तो? दोन दिवस काही आलं नाही. मग एक मोठा मेसेज आला. मालक ओरडला की आचारी मागे जाऊन दाढी करतो म्हणे. दिवसातून दोनदा सुद्धा. भाग्येशला ते सांगावंसंच वाटलं नव्हतं, त्यात काय सांगायचं म्हणून. आता तो परत लिहितोय.

हे झाल्यावर तुझी 'मागची खोली' मी पुन्हा वाचली. या वेळी पहिल्यांदा कथा म्हणून वाचता आली. तर मला काय दिसलं ते सांगते. माय लुगड्याच्या पदराची गाठ सारखी सोडते आणि बांधते, ते तू बरोबर पाहिलंस. मी रोज बघते आणि मला कधी दिसलं नव्हतं. आबा गेल्यापासून त्यांची खाट रिकामी आहे आणि तिच्यावर कुणी बसत नाही, तिथे मलाही भरून आलं. आणि 'जेवून घ्या एकदाचं' हे वाक्य माझंच आहे. भाऊबीजेला घरात पाहुणे होते, मी पहाटेपासून चुलीपुढे होते, आणि तू दारात उभी आहेस हे मला दिसलं नव्हतं. ते राहू दे कथेत.

जे दिसलं नाही ते पुढच्या पत्रात विचारते.

चारुलता


लोणखेडा, २३ मार्च

चेतना,

मी कथा मायला वाचून दाखवली.

हे करावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण सरलाबाईंच्या सुनेने गल्लीभर वाचली, दुबईच्या माणसाने वाचली, आणि जिच्यावर लिहिली तिलाच माहीत नाही, हे मला बरं वाटेना. दुपारी मागच्या खोलीत तिच्या खाटेवर बसले आणि म्हटलं, चेतनाने गोष्ट लिहिली आहे, ऐकायची का?

माय डोळे मिटून ऐकत होती. वहिनीचं ताट सरकवणं आलं तेव्हा मी अडखळले, पण वाचलं. टिपं पडतात ते वाचलं. खिडकीचे गज वाचले. संपलं तरी डोळे मिटलेलेच. मला वाटलं, चूक केली. मग तिने एक डोळा उघडला.

"मी इतली गरीब कव्हय व्हतू?"

मी इतकी गरीब गाय कधी होते, असं ती विचारतेय हे मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, माय, गोष्ट आहे. तर म्हणाली, "वहिनीले बोलनी ते बोलनी. माले कसाले रडाई ऱ्हायनी ती? पोरनी माले मुकी करी टाकी." वहिनीला बोलली ते बोलली, त्याचं तिला काही नव्हतं बघ! तिचा राग वेगळाच, पोरीने आपल्याला रडकी आणि मुकी केल्याचा. आबा होते तेव्हा ज्या बाईने सगळ्या गावाशी वाद घातला, ती गज धरून रडते म्हणजे काय?

मग तिने मला लिहायला बसवलं. तिचा अभिप्राय आहे, माझ्या शब्दांत लिहिते, शेवट तेवढा तिच्याच शब्दांत.

मागच्या खोलीत ती आपणहून गेली. पुढच्या घरात दिवसभर टीव्ही आणि केळीचे व्यापारी. मागच्या दारातून सरलाबाईंशी बोलता येतं, गल्लीत कोण आलं गेलं ते दिसतं. मी नको म्हणत होते, गोठ्याचा वास येतो म्हणून. तिने आबांचीही खाट मागे न्यायला सांगितली होती, पण तुझ्या भावाने ती पुढेच राहू दिली.

आणि एकटीने जेवण्याचं. हे तुला सांगू नको असं तिने मला बजावलं होतं, म्हणून मी इतके दिवस गप्प राहिले. आज तिने स्वतः सांगायला लावलं. नवी कवळी तिला बसत नाही. हिरडी सोलते. ती कवळी काढून दुधात भाकर कुस्करून खाते, आणि तसं खाताना कुणी बघितलेलं तिला चालत नाही. लेकीने तर नाहीच नाही. तू आलीस तेव्हा चारही दिवस ती कवळी लावून हसत बसली होती, आणि ताटावर बसली की डोळ्यांत पाणी यायचं ते दुखण्याचं. मी 'जेवून घ्या' म्हणून घाई केली ती भांड्यांसाठी, हे खरं, पण थोडी त्यासाठीही होती. पाहुणे आत यायच्या आधी तिचं उरकावं म्हणून.

शेवटी ती म्हणाली, "तिले सांग, मन्हा तोंडमा दात नही, पन जीभ शे."

हे सगळं मी ओसरीत तुझ्या कथेखाली लिहू शकले असते. रेवजींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ज्यांनी मला कैदाशीण म्हटलं त्यांची तोंडं बंद झाली असती. लिहूनही काढलं होतं फोनवर. पण मग ते सगळे फिरून तुझ्यावर तुटून पडले असते, आणि मायची कवळी दुबईपर्यंत पोचली असती. ते पुसलं आणि पोस्टाचं पाकीट आणलं.

अक्षय्य तृतीयेची आखाजी महिन्यावर आली आहे. इथे लेकी माहेरी यायला लागतील. माय रोज तारीख विचारते.

चारुलता


लोणखेडा, ८ एप्रिल

चेतना,

काल तुझा नंबर सुरू झाल्याचं कळलं ते तुझ्या मेसेजवरून. "कथा काढून टाकू का वहिनी?" आणि त्याखाली मायच्या डॉक्टरांचं, एवढंच. मी फोनवर उत्तर दिलं नाही, कारण तिथे मी घाईत काहीतरी चांगुलपणाचं बोलले असते.

काढू नको. लोकांनी वाचली आहे, ती आता नव्हती असं होणार नाही. आणि त्यात पदराची गाठ आहे. पुन्हा लिहायची असेल तर लिही, पण मला चांगली करू नको. मी एकदा करून बघितलं, आरती झाली.

तुझ्या भावाला मेसेज दाखवला.  त्यांनी चष्मा काढून पुसला. मग संध्याकाळी माळ्यावरून जाड दोर काढला, कडुनिंबाच्या फांदीला ओढून बघितला आणि म्हणाले, "झोका बांधना पडी." आखाजीला लेक येणार, झोका बांधावा लागेल. तुझ्या भावाला क्षमा मागता येत नाही, झोका बांधता येतो. तेवढ्यावर भागवून घे.

मायला तिकडे नाशिकच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणतेस ते तिला सांगितलं. आधी पोर येऊ दे, मग दात, असं म्हणाली.

चारुलता


लोणखेडा, १८ मे

चेतना,

तू जाऊन आता पंधरवडा होत आला आणि घर अजून तुझ्याबद्दलच बोलतंय.

जे झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहून ठेवते, कारण मला आता लिहायची खोड लागली आहे. तू पिशवी ठेवून सरळ मागच्या खोलीत गेलीस. मायने तुला बघितलं, तोंडातली कवळी काढली, वाटीत ठेवली आणि म्हणाली, बस. मी दाराशीच थांबले होते. तू रडलीस, ती रडली नाही. कथेत होतं त्याच्या बरोबर उलट.

दुसऱ्या दिवशी तू नवं लिहिलेलं वाचायला बसलीस. सरलाबाईही दारात येऊन टेकल्या. एक पान पुढे जाईना. माय दर दोन वाक्यांनी थांबवायची. म्हणायची, मी असं नाही बोलणार. त्या दिवशी गुरुवार नव्हता. आबांना चहा गुळाचा लागायचा. सरलाबाई म्हणाल्या, गोष्टीत मलाही घे. तू वैतागलीस. "माय, गोष्ट मन्ही शे," माझी आहे, असं ओरडलीस. माय म्हणाली, "मंग त्यामा मी कसाले?" मग त्यात मी कशाला? मग सगळ्या हसल्या.

पण मला लिहून ठेवायचं आहे ते त्यानंतरचं. मी चुलीवर मातीचं खापर पालथं ठेवून पुरणाचे मांडे करत होते आणि तू पीठ घेऊन बसलीस. मी विचारलं, एवढा राग कशाचा होता गं माझा? नुसत्या त्या ताटाचा? तू पिठाकडे बघत बोललीस.

"वहिनी, मी चार दिन ऱ्हायनू नि वरीसभरनं लिखी टाकं. आबा गयात तव्हय मी आठवडामा परत गयू. तू ऱ्हायनी. तुन्हावर लिखं म्हनीसन माले जरा बरं वाटनं."

चार दिवस राहून वर्षभराचं लिहिलं, आणि मला वाईट ठरवल्यावर आबा गेले तेव्हा आठवड्यात परत गेल्याची टोचणी तुला जरा कमी झाली. मी खापराकडे वळले. मांडा जळत होता. पण त्या वेळी माझ्या मनातलं उरलंसुरलं निघून गेलं, ते तिथे बोलता आलं नाही म्हणून इथे लिहिते. मी राहिले त्यात माझा फार मोठेपणा नव्हता. माझं घर इथे होतं. तुझं तिकडे होतं. आणि राहण्याचा मला कधीकधी फार कंटाळा यायचा, अजून येतो, तेव्हा मी ताटं आपटते.

नवी कथा तू टाकलीस ती पाहिली. माय आता त्यात अहिराणीत बोलते आणि थांबतच नाही. वहिनी चिडते, आणि संध्याकाळी मायच्या पायाला तेलही लावते, दोन्ही एकाच दिवशी. मुलगी बसमध्ये बसताना तिला काय वाटतं ते तू लिहिलंस. ते लिहायला तुला सोपं गेलं नसणार.

अभिप्राय पहिल्या कथेच्या निम्मेही नाहीत. "पहिलीच छान होती, त्यात भावना होत्या." "वहिनी नक्की चांगली की वाईट ते स्पष्ट करा." "शे म्हणजे काय?" एक ताई तर खूपच नाराज झाल्या आहेत, त्यांना वहिनीला शिक्षा झालेली हवी होती. तू मला रात्री विचारलंस, वाईट वाटतंय का, म्हणून. अजिबात नाही. मी ती कथा आता तीनदा वाचली आणि भाजीत मीठ एकदाच पडलं.

रेवजींचं आज आलं. बाजार असेल. "आता ऐकू आलं," एवढंच लिहिलंय त्यांनी. भाग्येशने मात्र लांबलचक लिहिलंय, आधी काय दिसलं ते आणि मग प्रश्न. शिकला पोरगा.

केळी पाठवली आहेत ट्रॅव्हल्सने. वरचा घड आधी खा.

चारुलता


लोणखेडा, २९ जून

चेतना,

फोनवर रोज बोलतो तरी हे कागदावरच लिहायचं ठरवलं. फोनवर तू 'हो पण, हो पण' करतेस आणि माझं वाक्य पूर्ण होत नाही.

ओसरीत टाकायच्या आधी तू नवी कथा मला पाठवलीस. आपल्या घरातलं यात कुणीच नाही म्हणून मायचा हिरमोड झाला. नाशिकची नवी कवळी बसल्यापासून तिला सगळीकडे दिसायचं असतं. मी दोनदा वाचली, एकदा दुपारी आणि एकदा तुझ्या भावाला वाचून दाखवली. ते मधेच झोपले नाहीत, ही त्यांच्याकडून मोठी पसंती आहे.

मला काय दिसलं ते आधी. तुझ्या कथेतली नर्स ड्यूटी संपल्यावर चप्पल हातात घेऊन जिना उतरते, ते फार आवडलं. वॉर्डातले आजोबा तिला रोज दुसऱ्याच नावाने हाक मारतात आणि ती रोज ओ देते, तिथे मी थांबले आणि पुन्हा वाचलं. सुरुवातीचा पाऊस काढ, तो नसला तरी चालेल.

आता जे दिसलं नाही ते. तिचा नवरा कसा आहे? तू तीनदा म्हणतेस की तो समजूतदार आहे, पण तो एकदाही काही करत नाही. समजूतदार माणूस घरी आल्यावर काय करतो ते लिही. आणि मधली दोन पानं, जिथे ती सगळ्यांना माफ करते, ती मला पटली नाहीत. इतक्या लवकर कुणी माफ करत नाही. मला जानेवारीपासून आखाजीपर्यंत वेळ लागला.

ती पानं मला आवडली नाहीत हे सरळ सांगितलं आहे, गोड करून नाही. आता तुला राग येईल. आला तर फोन बंद करून बसू नको. बस पकड, इकडे ये आणि चुलीपाशी बसून काय रागवायचं ते रागव.

तुझी वहिनी,
चारुलता